उलट्या काचेचा ट्रक

त्या ट्रकची समोरची काच उलटी कललेली होती. वरची कड पुढे आणि खालची कड आत, ड्रायव्हरच्या पोटाकडे. नाक बसकं, बॉनेट नावापुरतं, इंजिन दोन सीटांच्या मधे. कराड ते चिपळूण रस्त्यावरच्या गावांनी असला ट्रक महायुद्ध संपेपर्यंत पाहिलेला नव्हता. काच अशी का, असं पोरांनी विचारलं की तात्या पंजा आडवा धरून दाखवत. काच मागे कललेली असली तर तिच्यावरचं ऊन वर उडतं आणि आभाळातल्या विमानाला खालची गाडी लांबून कळते. ही काच ऊन जमिनीकडे टाकते. लढाई संपली, ट्रक गुळाच्या ढेपा वाहू लागला, काच मात्र तशीच खाली बघत राहिली.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. शाळा चौथीपर्यंत, आवाज मोठा, बोलणं थोडं. त्यांच्या ट्रकच्या गोष्टी मी तीन तोंडांतून ऐकल्या. एक स्वतः तात्या, दुसऱ्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकीआजी, आणि तिसरा तात्यांचा किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, जो पुढे कराडला गॅरेज टाकून मिस्त्री झाला आणि आम्हा मुलांचा मिस्त्रीकाका. कोणती गोष्ट घाटाच्या कोणत्या वळणावर घडली यावरून काकीआजी आणि मिस्त्रीकाका शेवटपर्यंत भांडले. पण गाडी बंद पडल्यावर आधी काय केलं आणि मग काय केलं, हे तिघंही अगदी एकसारखं सांगत. मला त्या सांगण्याचं मोल फार उशिरा कळू लागलं, म्हणून ते लिहून ठेवतो आहे.

तात्या मोटारीला लागले ते युद्धाच्या सुरुवातीला, एका सर्व्हिस मोटारीवर किन्नर म्हणून. एस.टी. अजून जन्माला यायची होती. रस्त्यावर खाजगी सर्व्हिसच्या गाड्या धावत. पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि मालकांनी गाड्यांना कोळशाच्या गॅसच्या टाक्या जोडल्या. पहाटे उठायचं, टाकीत लोणारी कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. गॅस धरला की मग हॅण्डल मारायचं. त्या गॅसवर इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा बरीच कमी पडे. कुंभार्ली घाट आला की उतारू खाली उतरून चालत आणि गाडी त्यांच्या मागून येई. तात्यांना या नोकरीत एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकायची सवय. गॅस कमी झाला, कोळसा ओला निघाला, जाळीत राख बसली, हे सगळं त्यांना आवाजावरून कळे.

मग भरती निघाली. १९३९ साली हिंदुस्थानचं सैन्य दोन लाखांच्या आसपास होतं. १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेलं. सातारा जिल्ह्याला भरती नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात घराघरातून शिपाई पाठवणाऱ्या अपशिंगे गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पण आधीच्या पिढ्यांच्या हातात बंदूक आली होती आणि या वेळी हजारो पोरांच्या हातात पाना आला. नांगर आणि मोट एवढंच यंत्र पाहिलेल्या मुलांना लष्कराने कार्बोरेटर उघडायला शिकवलं. फळ्यावर चित्र, रोमन लिपीत लिहिलेलं उर्दू, आणि समोर कापून ठेवलेलं इंजिन. तात्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर झाले. १९४४च्या पावसाळ्यात ते दिमापूर–इंफाळ रस्त्यावर होते.

तो रस्ता सुमारे २१५ किलोमीटरचा, कोहिमावरून जाणारा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जपानी फौजेने तो तोडला होता. २२ जूनला १०९व्या मैलाच्या दगडापाशी कोहिमाकडून आलेलं आणि इंफाळकडून आलेलं सैन्य एकमेकांना भेटलं आणि रस्ता पुन्हा चालू झाला. मणिपुरात आपली माणसं पुष्कळ होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण मार्चमध्ये सांगशाकच्या टेकडीवर लढली होती. तात्या मात्र लढाईच्या गोष्टी क्वचित सांगत. त्यांच्या तोंडी यायचा तो चिखल, रांगेतल्या गाड्यांचे मिणमिणते दिवे, आणि एक नियम. बंद पडलेल्या गाडीला रस्त्यावर उभं राहायचा हक्क नाही.

“तुजी गाडी बंद पडली म्हंजे मागची दोनशे गाडी बंद पडली,” ते म्हणत. “आन् पुढं पलटण उपाशी. म्हनून आदी रस्त्याच्या भाईर. मंग बघायचं काय झालंय.” बाजूला घ्यायला जागाच नसली तर माल उतरवून गाडी दरीत ढकलून देत. तात्यांनी तसं होताना पाहिलं होतं, आणि ज्याची गाडी गेली तो ड्रायव्हर चिखलात बसून रडला होता, तेही.

ज्या जातीचा ट्रक तात्यांनी तिथे चालवला, तीच जात पुढे कराडला त्यांच्या दाराशी आली. कॅनडात ओंटारिओ प्रांतात विंडसरला फोर्डचा कारखाना आणि ओशावाला जनरल मोटर्सचा. युद्धात या दोघांनी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी एकाच घडणीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. केबिन दोन्हींची सारखी. इंजिन फोर्डचं आठ सिलिंडरचं, शेव्हर्लेचं सहाचं. उत्तर आफ्रिकेच्या वाळूत, इटलीत, ब्रह्मदेशात त्या गेल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेलं लष्करी सामान सरकारने डिस्पोजलला काढलं. तंबू, रेडिओ, बूट, जीप, ट्रक, सगळ्याचे लिलाव. कराडच्या एका गूळव्यापाऱ्याने पुण्याच्या बाजूला लिलावात तीन टनी फोर्ड घेतला. चारही चाकं ओढणारा, ९५ अश्वशक्तीचं व्ही-एट इंजिन असलेला. चालवायला कोण, हा प्रश्न होता. फौजेतून सुटून आलेले तात्या त्याच्या आडतीवर गेले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “ही माजीच हाय.”

या गाड्यांचा पराक्रम लोक लढाईत शोधतात. मला तो दुसरीकडे दिसतो. त्या बनवणाऱ्यांनी आधीच मानलं होतं की ही गाडी बंद पडणार, आणि पडेल तिथे कारखाना नसणार. तिथे असेल फक्त चालवणारा माणूस आणि त्याच्या सीटखालची हत्यारं. म्हणून जे मोडेल ते त्याच्या हाताला पोचेल असं ठेवायचं आणि त्या माणसाला शिकवायचं. अमेरिकन लष्कराने तर त्यासाठी विल आयस्नर या व्यंगचित्रकाराला कामाला लावलं. ‘आर्मी मोटर्स’ या मासिकात त्याने ‘जो डोप’ नावाचा गबाळा शिपाई काढला, जो तेलपाणी बघत नाही आणि गाडीची वाट लावतो. शिपाई ते हसत वाचत आणि संध्याकाळी गाडीखाली शिरून ग्रीस भरत. आपल्याकडच्या पोरांना मासिक नव्हतं. त्यांना हवालदार होता. पण शिकवण तीच. ड्रायव्हर म्हणजे पहिला मिस्त्री, हा विचार युद्धाने शेतकऱ्यांच्या मुलांमध्ये रुजवला, आणि ती मुलं गावी परत आली तेव्हा रस्ते, धरणं, साखर कारखाने उभे राहायला लागले होते. लिलावात ट्रक विकत मिळाले. त्या मुलांच्या हातातलं शिक्षण मात्र आपल्याला किंमत न मोजता मिळालं, आणि त्याची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

घाटात गाडी बंद पडली की तात्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. “दगड.” किन्नराने उडी मारून चाकामागे ठोकळा किंवा दगड लावायचा. तो लागेपर्यंत तात्या ब्रेकवरचा पाय काढत नसत आणि एक शब्द बोलत नसत. मग ते इंजिनावरचं झाकण उघडत आणि हात मागे बांधून नुसतं वास घेत उभे राहत. मिस्त्रीकाका सांगतात, “मला वाटायचं, उस्ताद देवाचं नाव घेत्यात. ते पेट्रोलचा वास हाय का जळक्या वायरचा, ते हुंगत असायचे.” हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. उघडायचं ते एकेकच, आणि काढलेला प्रत्येक नट पसरलेल्या फडक्यावर, काढला त्या क्रमाने.

वैशाखात त्या फोर्डचं एकच दुखणं. दुपारी पोफळी मागे पडली, चढ लागला, गाडी पहिल्या गिअरवर आली की इंजिन खोकायला लागे आणि बंद होई. टाकीत पेट्रोल आहे, प्लगला करंट आहे, तरी चालू होत नाही. फोर्डच्या त्या इंजिनात जळका धूर सिलिंडरच्या अंगाअंगातून, पाण्याच्या पोकळीला चिकटून बाहेर जातो, त्यामुळे ते मुळात तापट. त्यात पेट्रोलचा पंप इंजिनाच्या डोक्यावर, मागच्या बाजूला. चढावर गाडी हळू, वारा नाही, आणि सगळा ताप वर पंपाकडे. पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा पेट्रोल ढकलायला बनवलेला. वाफ आली की तो नुसता हलत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. तात्या कार्बोरेटरकडे जाणारी नळी सैल करत आणि किन्नराला हॅण्डल मारायला सांगत. नळीतून पेट्रोलची धार आली नाही, नुसती फुसफुस आली, की निदान झालं.

उपाय काकीआजींकडचा. त्यांच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे सीटखालच्या डब्यात कायम असत. सुती कापड पाणी धरून ठेवतं. ते भिजवून पंपाला आणि नळीला गुंडाळायचं, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि विडी न ओढता बसायचं. विडी न ओढणं हा उपायाचाच भाग होता, आणि तात्या तो कडक पाळायला लावत. कापडातलं पाणी उडून गेलं की पंप निवतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. काकीआजी अभिमानाने सांगत, “माझं लुगडं घाट चढून गेलंय.” पुढे पुढे तात्या घाटाच्या पायथ्यालाच पंपावर ओलं कापड बांधून निघत आणि निम्म्या वाटेवर किन्नराकडून ते पुन्हा भिजवून घेत.

पावसाळ्यात दुखणं बदले. त्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर पुढे, खालच्या अंगाला. समोरून पाऊस आणि खालून चाकाने उडवलेलं पाणी, दोन्ही थेट त्याच्यावर. टोपीत ओल शिरली की करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच भलतीकडे पळतो. कोकणाच्या पावसात, रात्री, घाटाच्या मधोमध ती टोपी वाळवायची कुठे? तिथे मैलकुलीची झोपडी होती. सार्वजनिक बांधकाम खात्याचा हा माणूस रस्त्याचा आपला तुकडा सांभाळत असे. दरड पडली तर दगड बाजूला करायचे, गटारं काढायची. तात्या टोपी धोतराच्या सोग्यात गुंडाळून त्याच्या चुलीपाशी जाऊन बसत. आगीच्या फार जवळ नाही, नाहीतर टोपी तडकते. हाताला ऊब लागेल एवढ्या अंतरावर, फिरवत फिरवत. तेवढ्यात मैलकुलीची बायको चहा टाके. काकीआजी प्रत्येक खेपेला चार भाकरी जास्त बांधत, त्या या घरासाठी.

आता लाल नटांविषयी. हे मी सविस्तर लिहितो, कारण यात एका मुलाचा जीव गेला.

त्या लष्करी गाड्यांची रिम दोन भागांची. टायर बसवून दोन्ही भाग बोल्टांनी एकमेकांना आवळलेले. म्हणजे चाकावर नटांची दोन कडी. आतलं कडं चाक हबला धरून ठेवणारं आणि बाहेरचं कडं रिमचे दोन भाग एकत्र धरून ठेवणारं. पंक्चर काढताना चाक खोलायचं असेल तर आतल्या कड्याचे नट काढायचे. बाहेरच्या कड्याला टायरमध्ये हवा असताना हात लावायचा नाही. लावला तर आतल्या हवेचा सगळा दाब एका क्षणात मोकळा होतो आणि लोखंडाची रिम तोंडावर येते. फौजेत हे कुणी विसरू नये म्हणून ते नट लाल रंगवलेले असत. अक्षर न वाचणाऱ्यालाही कळावं असं ते होतं.

डिस्पोजलच्या गाड्या खाजगी मालकांकडे आल्या आणि त्यांना नवे रंग लागले. लष्करी हिरवा रंग कुणाला नको होता. कोल्हापूरच्या बाजूला एका मालकाने दसऱ्याला ट्रक सजवला, चाकं नटांसकट पिवळी केली. काही महिन्यांनी वाटेत टायर बसला. नव्याने लागलेल्या मुलाने पाना घेतला आणि समोर दिसलं ते कडं सोडवायला सुरुवात केली. टायर पूर्ण बसलेला नव्हता. तात्या मागून दुसऱ्या गाडीने येत होते. ते पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हा प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला आणि त्या मुलाच्या वयाशी येऊन थांबले. वय तेराच्या आसपास असावं, असं मिस्त्रीकाका म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या त्या वेळच्या वयाएवढं.

त्यानंतर आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेत एक जास्तीचं काम आलं. पाने, टॉमी, पक्कड, जॅक धुऊन पाटावर मांडायच्या आधी तात्या शेंदरी-लाल तेलरंगाचा डबा घेऊन चाकांपाशी उकिडवे बसत आणि बाहेरच्या कड्याचा एकेक नट रंगवत. किन्नराने शेजारी बसून मोठ्याने म्हणायचं, याला हात लावायचा नाही. चारी चाकं आणि स्टेपनी. रंग वाळल्यावर मग झेंडू, नारळ आणि आरती. दुसऱ्यांचे ट्रक दारावरून जाताना दिसले तरी तात्या त्यांना थांबवून नट दाखवत. काहींना तो आगाऊपणा वाटे. काही मालकांनी रंगाचा डबा मागून नेला.

मिस्त्रीकाकांची आवडती गोष्ट एक्सल तुटल्याची. ट्रक चिपळूणहून वर येत होता, मंगलोरी कौलं भरून. ही कौलं गलबतांतून गोवळकोटच्या बंदराला उतरत आणि तिथून ट्रकने देशावर चढत. एक कौल अडीच किलोच्या घरातलं. हजार कौलं म्हणजे अडीच टन. घाटातल्या एका चढत्या वळणावर मागून फाडकन आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडलेला, मधला शाफ्ट फिरतोय आणि गाडी मागे सरकतेय. किन्नर ठोकळा घेऊन उडी मारता झाला.

मागच्या एका चाकाला फिरवणारा एक्सल आतल्या आत तुटला होता. साध्या ट्रकचा एक्सल तुटला तर तिथेच मुक्काम, कराडहून कुणी येईपर्यंत. पण या गाडीच्या मागच्या चाकांचा भार एक्सलवर नसतो. भार बाहेरच्या नळकांड्यावर असतो. आतला दांडा फक्त चाक फिरवतो. तो काढून घेतला तरी चाक जागच्या जागी राहतं. आणि पुढची चाकं ओढायला मोकळी असतातच. तात्यांनी हबच्या तोंडाचे बोल्ट काढले, बाहेरचा तुकडा ओढून घेतला, आत राहिलेला तुकडा गिअरच्या दातांत अडकून आणखी नुकसान करू नये म्हणून तारेचा फास करून बराच वेळ खटपट करत बाहेर काढला. मग रॉकेलच्या डब्याचा पत्रा छिन्नीने कापला, त्याला खिळ्याने भोकं पाडली, खाली गोणपाटाची चकती घातली आणि ते झाकण हबच्या तोंडावर त्याच बोल्टांनी आवळलं, म्हणजे तेल बाहेर येणार नाही आणि धूळ आत जाणार नाही.

एवढ्यात मागून एस.टी. आली. वळण अडलेलं. ड्रायव्हर-कंडक्टर उतरले, मग उतारू उतरले. नुसत्या पुढच्या चाकांवर भरलेला ट्रक चढणार नव्हता. निम्मा माल उतरवणं भाग होतं. तात्यांनी कुणाला विनंती केली की एस.टी.तल्या कुणी आपणहून हात पुढे केला, यावर दोन मतं आहेत. कसंही असो, उतारूंची रांग लागली. ट्रकच्या फाळक्यापासून घाटाच्या कठड्यापर्यंत कौलं हातोहात गेली. त्यात लग्नाला निघालेली माणसं होती, एक शाळामास्तर होते, टोपल्या बाजूला ठेवून उभ्या राहिलेल्या मासळीवाल्या होत्या. मिस्त्रीकाकांना आजही कौतुक वाटतं ते मास्तरांचं. एकाही कौलाचा कान उडू नये म्हणून ते सारखे बजावत होते, “हळू, हळू, कुणाच्या तरी घरावर जायचंय ते.” मग तात्यांनी पुढच्या चाकांचा दांडा ओढला आणि ट्रक आपल्याच नाकाने स्वतःला ओढत वळण चढला. मागून एस.टी. गेली.

कठड्यापाशी रचलेल्या कौलांवर मैलकुली बसला. तात्या दुसरी गाडी घेऊन परत आले तेव्हा कौलं मोजली. मैलकुलीच्या झोपडीचं छप्पर गळत होतं, हे चुलीपाशी बसणाऱ्या माणसाला ठाऊक असणारच. पंचवीस-तीस कौलं तिथे ठेवून तात्या निघाले आणि त्यांचे पैसे मालकाला पगारातून कापून घ्यायला सांगितले. काकीआजींना हे कळलं तेव्हा महिनाअखेर होती. त्या रागावल्या का, असं मी विचारलं. “रागावले तर. पन भाकरी चारच्या सहा केल्या,” त्या म्हणाल्या.

पुढे सुटे भाग मिळेनासे झाले. १९५४च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी मुंबईतलं जुळणीचं काम बंद केलं, कारण सरकारला गाड्या इथे नुसत्या जोडणाऱ्या नव्हे, तर इथे बनवणाऱ्या कंपन्या हव्या होत्या. त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघू लागले आणि रस्त्यावर डिझेलचा वास आला. उलट्या काचेच्या गाड्या मालक विकू लागले. तात्यांनी आपली विकत घेतली. मुंबईच्या चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात ते तिच्यासाठी पंप आणि पॉइंट शोधत फिरत. एक्सल कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून आणत. कोयना धरणाच्या कामावर तिने खडी वाहिली. धरण झालं, घाटाच्या वर शिवसागर भरला.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. मरण पावलेल्यांचा आकडा १८०च्या आसपास गेला. हजारो घरं पडली. कराडला जमिनीने सगळ्यांना झोपेतून उठवलं. दिवस वर आला तसे लोक भाकरी, घोंगड्या, पत्रे गोळा करू लागले. तात्यांनी ट्रक बाहेर काढला. वीस वर्षांहून जुना, टायर झिजलेले, पण चालू. पत्रे आणि घोंगड्या भरून ते आणि मिस्त्रीकाका निघाले. पाटण मागे टाकलं आणि रेडिएटरची खालची नळी फुटली. वाफेचा लोट केबिनमध्ये आला.

रस्त्यावर मदतीच्या गाड्यांची रांग होती. तात्यांनी गाडी थांबवलीच नाही. उताराचा जेवढा रेटा मिळाला तेवढ्यावर ती रस्ता सोडून कापणी झालेल्या भाताच्या खाचरात नेली आणि मग दगड मागितला. मागच्या गाड्या पुढे गेल्या. तात्या रस्त्याच्या कडेला उभे राहून हात करू लागले. ज्या ट्रकमध्ये जागा होती त्यात पत्रे चढवले, घोंगड्या एका जीपमध्ये दिल्या. “आमचा माल हाय, आमच्या गाडीतनंच गेला पायजे, असं एकदा बी मनात आलं न्हाई त्येंच्या,” मिस्त्रीकाका सांगतात. “रिकामी गाडी खाचरात, आन् उस्ताद खुशीत.”

मग दुरुस्ती. सायकलच्या ट्यूबचे पट्टे ताणून नळीवर गुंडाळले, वरून तार आवळली. कोयना नदी जवळच. डबे भरून पाणी आणलं. पण तात्या ते रेडिएटरमध्ये घालू देईनात. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर त्या फोर्डचा ब्लॉक तडकतो, आणि तडकलेल्या ब्लॉकला खाचरात काही उपाय नाही. मिस्त्रीकाका तेव्हा पस्तिशीचे, त्यांना धीर धरवेना. वर माणसं ढिगाऱ्याखाली आणि आपण इथे इंजिन निवायची वाट बघतोय. तात्या खाचराच्या बांधावर बसून राहिले. जमीन मधूनमधून हलत होती. फाळक्याच्या साखळ्या आपोआप वाजत. मिस्त्रीकाका नळी खालून पुन्हा एकदा बघावी म्हणून गाडीखाली शिरायला निघाले तेव्हा तात्या ओरडले. त्या दिवसभरातला त्यांचा तेवढाच चढा आवाज. जमीन हलतेय तोवर गाडीखाली कुणी जायचं नाही. नळी आवळायची ती वरून, हात पोचेल तेवढीच.

अंधार पडल्यावर त्यांनी इंजिनाला हात लावून पाहिला, पुन्हा थोडं थांबले, आणि इंजिन चालू करून पाणी हळूहळू, धार बारीक ठेवून ओतलं. ठिबकत होतं, पण टिकलं. दर काही मैलांवर थांबून पाणी घालत ते रात्री उशिरा वर पोचले. पत्रे आधीच उतरले होते आणि काही छपरांवर चढलेही होते. एका शिक्षकाने तात्यांना विचारलं, गाडी रिकामी आहे का? होती. जखमींपैकी ज्यांना बसता येत होतं त्यांना आणि त्यांच्या पोरांना घेऊन, तळाशी घोंगड्या अंथरून, ट्रक पहाटे कराडच्या दवाखान्याकडे निघाला. मिस्त्रीकाका मागे फाळक्याला टेकून उभे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले डबे होते.